मुसकं बांधलेल्या कुत्र्यामागून

मोबाइल घरीच ठेवा. घड्याळही काढून ठेवा, नाहीतर तासाभरात त्यात पाणी जाईल. आणि अत्तर लावलं असेल तर आधी अंघोळ करून या. थट्टा करत नाही. आज डोळ्यांपेक्षा नाकाचं काम जास्त आहे.

आलात? बसा. मधल्या फळीवर बसा, कडेला नको. होडीच्या तळाशी पाणी दिसतंय त्याला घाबरू नका, ते खालून आलेलं नाही, वरून आलंय. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा हा नैर्ऋत्य कोपरा. खाडीचं नाव डस्की साउंड. एकोणिसावं शतक संपायला चार-पाच वर्षं उरलीत असं धरा. महिना फेब्रुवारी, म्हणजे इथला उन्हाळा. आंबोलीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत जेवढा कोसळतो, साधारण तेवढाच पाऊस इथे बाराही महिने हप्त्याहप्त्यानं येतो, आणि उन्हाळा आहे म्हणून हप्ता चुकत नाही. दोन्ही बाजूंनी डोंगर थेट पाण्यातून वर गेलेत. ना पुळण, ना बांध. कड्यावर माती नावालाच, तरी झाडं एकमेकांच्या मुळांना धरून उभी आहेत. एखादं सुटलं की सोबत शंभरेक घेऊन खाली येतं. ते बघा, समोरच्या उतारावर उघडा पडलेला काळा खडक. ती त्याचीच खूण.

वल्ही थांबली की गारवा जातो आणि चावे सुरू होतात. मनगटावर, कानामागे, मोजा संपतो तिथे. ही इथली सँडफ्लाय, तिळाएवढी काळी माशी. डास निदान सुई टोचून जातो, ही कातडी कुरतडते. १७७३ साली कॅप्टन कुकचं जहाज याच खाडीत नांगर टाकून होतं, तेव्हाही हिनं खलाशांना सळो की पळो करून सोडलं होतं. तुम्हीही शिव्या द्या. मराठीत द्या, इथे कोणाला कळत नाही.

वल्ही मारतोय तो पन्नाशीचा माणूस म्हणजे रिचर्ड हेन्री. सरकारनं १८९४ साली त्याला समोरच्या रेझोल्यूशन बेटाचा राखणदार म्हणून नेमलंय. राहतो शेजारच्या पिजन आयलंड नावाच्या लहानशा बेटावर, स्वतः बांधलेल्या घरात. काम ऐकायला वेडगळ आहे: मुख्य भूमीवरच्या जंगलात जायचं, उडता न येणारे पक्षी धरायचे, होडीत घालायचे आणि रेझोल्यूशनवर नेऊन सोडायचे. तो तुमच्याशी काय बोलेल ते मी सांगणार नाही. खऱ्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. शिवाय या पावसात बोलून ऐकू तरी काय येणार?

होडीच्या टोकाला बसलेला टेरियर जातीचा कुत्रा मात्र तुमच्याकडे बघतोय. त्याच्या गळ्यात घंटी आहे, आणि तोंडाला चक्क मुसकं. मळणीच्या वेळी बैलाला घालतात तसं. बैलानं धान्य खाऊ नये म्हणून ते असतं. यानं पक्षी खाऊ नये म्हणून हे. तोंड बांधलंय, पण नाक मोकळं आहे. आजचा आपला वाटाड्या तोच.

उतरा. पहिलं पाऊल खडकावर टाकू नका, घसराल. दुसरं ओंडक्यावर नको, तो आतून कुजलाय, मांडीपर्यंत आत जाल. गेलातच? हरकत नाही, इथे येणारा प्रत्येक जण जातो. हात द्या. आता जरा नीट उभे राहून बघा. खाली शेवाळ, खोडावर शेवाळ, फांदीवरून लोंबणारं शेवाळ. त्याच्यावर नेचे, नेच्यांवर पुन्हा शेवाळ. पायाखालचा पालापाचोळा गादीसारखा दबतो आणि दबला की पाणी सोडतो. वास ओल्या मातीचा, अळंब्यांचा, मागे सोडून आलेल्या समुद्राच्या खाऱ्या चिखलाचा. आणि गलका केवढा! झाडांच्या शेंड्यांवर पोपटांची भांडणं लागलीत, कुठल्याशा पक्ष्याचा गळा घंटेसारखा वाजतोय, कबुतरं सूपभर वारा ढवळत डोक्यावरून जातायत. एक इवलासा पक्षी तुमच्या बुटाजवळ येऊन उभा राहिलाय, तुम्ही पाचोळा उकरला तर खालचे किडे टिपायला मिळतील या आशेनं. कुणालाच तुमची भीती नाही. बाजारात शिरल्यावर आपल्याला कोणी ओळखत नाही आणि कोणी विचारतही नाही, तसं वाटतंय ना? इथे तुम्हीच गिऱ्हाईक आणि तुम्हीच नवखे.

घंटी पुढे चाललीय. टिणटिण, टिणटिण. तिच्या मागोमाग चला आणि वाटेत झुडपांकडे बघा. ते तिथे, लांब पात्याच्या झाडावर काय लोंबतंय? हात लावा. उसाचा चोथा असतो ना, रसवंतीवरचा नव्हे, घरी दातांनी सोलून चघळून टाकलेला, अगदी तसाच चोथा. चंद्रकोरीच्या आकाराची कोरडी गोळी, आणि ती अजून पात्यालाच चिकटलेली. म्हणजे खाणाऱ्यानं पातं तोडलंसुद्धा नाही. जागच्या जागी चघळलं, रस पिऊन घेतला आणि चोथा टांगून पुढे गेला. हा चोथा बघून जाणकार ओळखतात, इथे काकापो राहतो. काका म्हणजे माओरी भाषेत पोपट, पो म्हणजे रात्र. रात्रीचा पोपट. आपल्या कानांना त्यात काका ऐकू येतो त्याला इलाज नाही. खरं सांगायचं तर स्वभावानंही तो एखाद्या एकलकोंड्या काकासारखाच आहे: दिवसा झोपणार, रात्री एकटाच फिरणार, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

घंटी थांबली.

तुम्हीही थांबा. कुत्रा एका नेच्याच्या गचपणासमोर उभा आहे. शेपूट ताठ, सगळं अंग थरथरतंय, मुसक्यातून श्वासाच्या फुसफुशी. तुम्हाला काही दिसतंय? नाहीच दिसणार. शेवाळ आणि पाचोळा आणि मुळं. आता डोळे मिटा आणि नाकानं श्वास घ्या. चिखलाच्या आणि ओल्या कुत्र्याच्या वासाखाली अजून एक वास आहे. गोडसर. जुन्या तंबोऱ्याची गवसणी बऱ्याच वर्षांनी काढावी, लाकूड, धूळ, लाख यांचा मिळून एक वास यावा, आणि त्या भोपळ्यात कोणीतरी चमचाभर मध सांडलेला असावा. तसा. आला? त्या वासाच्या दिशेनं डोळे उघडा.

शेवाळाला चोच आहे.

एकदा दिसला की मग तुकड्यातुकड्यानं जुळत जातो. हिरव्यावर काळे-पिवळे फराटे. चेहरा घुबडासारखा चपटा गोल, चोचीभोवती मांजराच्या मिशांसारखी बारीक पिसं, अंधारात पाय टाकण्याआधी चाचपून बघायला. तो तुमच्याकडे बघतोय आणि हलत नाही. एक पिससुद्धा नाही. तुम्ही हात पुढे केलात तरी नाही. याला मूर्खपणा म्हणायचा मोह होतो, कित्येकांनी म्हटलंही. पण जरा त्याच्या बाजूनं विचार करा. हजारो वर्षं या बेटांवर सस्तन म्हणावेत असे प्राणी म्हणजे वटवाघळं आणि किनाऱ्यावरचे सील. मांजर नाही, कोल्हा नाही, उंदीरही नाही. शत्रू यायचा तो आभाळातून. त्यातला एक तर पंधरा किलोपर्यंत भरणारा गरुड होता. (तुम्हाला तेवढ्या मागे नेत नाही. मोआ नावाचे मोठे पक्षी ही त्याची शिकार, आणि त्याच्या दृष्टीनं तुम्ही म्हणजे चष्मा लावलेला मोआ.) गरुड डोळ्यांनी शिकार करतो. हलणारी वस्तू त्याला मैलावरून दिसते, न हलणारं शेवाळ त्याला दिसत नाही. म्हणून दिवसा हलायचं नाही, आणि अंगावर शेवाळ पांघरायचं. डोळ्यांपासून लपायची इतकी पक्की युक्ती दुसऱ्या कोणाला क्वचितच साधली असेल. वास लपवायची गरजच पडली नाही.

उचला आता. दोन्ही हातांनी, पंखांवरून. आई गं! चावला ना? मी सांगणार होतो. मुळं आणि खोडं कातरणारी चोच आहे ती. नखंही जपा. पण सोडू नका, छातीशी धरा. वजन बघा, तीन किलोच्या वर जाईल. जगातला सगळ्यात जड पोपट तुमच्या हातात आहे. पिसं मात्र वजनच नसल्यासारखी. उडणाऱ्या पक्ष्याचं पीस ताठ असतं, याला उडायचं नाही, मग ताठरपणा कशाला? बोटं पहिल्या पेरापर्यंत आत जातात आणि आत ऊब लागते. सकाळपासून भिजून थरथरताय ना? त्या उबेला लाज न बाळगता चिकटा. ओल्या लोकरीच्या स्वेटरमधून ती पोटापर्यंत पोचते. त्याचं काळीज धडधडतंय, ते कळतंय तळहाताला? अंगानं मुळीच हलत नव्हता तो, पण आतून बघा.

पिंजऱ्यात ठेवा. हळू. हेन्रीनं असे दोनशेहून जास्त काकापो सहा वर्षांत रेझोल्यूशनवर नेले. एकेक असा शोधून, असा उचलून, असा चावून घेऊन.

संध्याकाळ तंबूत. ओलं लाकूड पेटत नाही, धुमसतं. धूर डोळ्यांत जातो, पण माशा पळतात, तेव्हा रडत बसा. माशाचा तुकडा निखाऱ्यावर चुरचुरतोय. वाळत टाकलेल्या मोज्यांचा वास आणि माशाचा वास यांत फरक करायचा प्रयत्न सोडून द्या. अंधार पडला की पिंजऱ्यात खुडबुड सुरू होते. दिवसाचा दगड आता जागा झाला. घोगऱ्या आवाजात एकदा 'स्क्रार्क' ओरडतो, एखादं गंजलेलं बिजागर ओढावं तसं. मग काड्यांवरून चढतो, चोच, उजवा पाय, डावा पाय. पंख झोक सांभाळायला पसरलेले. जंगलात असता तर असाच उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत गेला असता, आणि उतरताना पंख पसरून धप्पकन खाली. त्याला उड्डाण म्हणायचं की पडणं, ते तुम्ही ठरवा. एक नेच्याचं मूळ पुढे करा. आधी मिशांनी चाचपेल, मग एका पायात धरून कुरतडेल. तासाभरात तुमची बाही ओढायला लागला तर नवल वाटू देऊ नका. या देशाचा गव्हर्नर जॉर्ज ग्रे यानं एक पाळला होता. त्याचं वागणं पक्ष्यापेक्षा कुत्र्यासारखं जास्त, असं तो लिहून गेलाय.

हेन्री झोपला. कुत्राही झोपलाय, मुसकं काढून ठेवलंय. आपण दोघं तेवढे वर जाऊ. कंदील नको.

चढ दमवणारा आहे. मुळं धरून धरून वर या. पाऊस थांबलाय, झाडं अजून गळतायत. पहिल्यांदा तुम्हाला वाटेल की चढण्यानं आपल्याच छातीत धडधडतंय. थांबून ऐका. तुमची धडधड नाही ती.

हूम.

कानाला धड ऐकूही येत नाही, बरगड्यांना कळतं. रिकाम्या रांजणात तोंड घालून हुंकार भरावा तसं. किंवा डग्ग्यावर मनगट दाबून काढलेला घुमारा, फक्त डग्गा घराएवढा. हूम. हूम. कुठून येतोय? डावीकडून? आता उजवीकडून. या आवाजाला दिशाच नाही, तो सगळ्या डोंगराचाच आवाज वाटतो. वारा असला तर पाच किलोमीटरपर्यंत जातो.

धारेवर या. पायाखाली अचानक वाट लागते; झाडून घेतल्यासारखी साफ, दोन वितींची. ही माणसाची नाही. नरानं काडी-काडी उचलून केलीय. वाटेच्या टोकाला खडकाच्या पायथ्याशी एक खळगा आहे, रोपाला आळं करतात तसा, उकरून गुळगुळीत केलेला. मागच्या खडकावर आवाज आपटून पुढे जावा म्हणून जागा नेमकी निवडलेली. वाटेवर एक काडी टाका बरं. परतताना बघा, ती उचलून बाजूला केलेली असेल. हल्लीचे संशोधक असंच करतात. सकाळी काडी जागेवर नसली की समजायचं, गवई रात्री बैठकीला बसला होता.

तो बघा, आळ्यात बसलाय. मघाशी उचललात तसाच शेवाळाचा गोळा, पण हा आता हवा भरत चाललाय. छाती फुगली, मान गेली, डोकं गेलं. आता तो एक हिरवा फुटबॉल आहे आणि त्याला वरती एक छोटी चोच आहे. हसू आलं तर तोंड दाबून हसा. हूम, हूम, हूम, प्रत्येक हुंकाराला सगळं अंग हिंदकळतं. वीसेक झाले की डोकं वर, श्वास, आणि मग अगदी वेगळाच एक पत्र्यासारखा खणखणीत 'चिंग'. घुमारा सांगतो, या डोंगरावर कोणीतरी आहे. चिंग सांगतो, नेमका इथे आहे. मग जरा उभा राहून, थोडा वळून, पुन्हा हवा. पलीकडच्या धारेवरून दुसरा उत्तर देतोय, त्याच्या खाली तिसरा. रात्रीचे आठ-आठ तास, तीन-चार महिने. तोवर काहींचं वजन निम्मं झालेलं असतं.

आणि हे सगळं कोणासाठी? ती खाली कुठेतरी दरीत आहे, एकटी, आपल्या पायांनी चालत यायची आहे. तिला घाई नाही. इतक्या जणांतून एक निवडेल, थोडा वेळ थांबेल, निघून जाईल. पुढचं सगळं तिच्यावर: मुळाखालचं घरटं, एक ते चार अंडी, महिनाभर उबवणं, आणि रात्री पिल्लांना उघडं टाकून चाऱ्यासाठी भटकणं. नराला आपली पोरं दिसायला कशी आहेत हेही कळत नाही. तो इथे वरती रियाज करत असतो. (यावर आमच्या घरी फार बोलणी होतील, म्हणून पुढे चलू.) बरं, ही मैफलही दर साल नसते. रिमूसारखी झाडं दोन-चार वर्षांतून एकदा फळांनी लगडतात, आणि त्याच साली ही वीण. बाकीच्या वर्षी डोंगर मुका. हा पक्षी दर वर्षी अंडी घालत नाही, हे हेन्रीनं इथे यायच्या आधीच, 'ते आनाऊ' नावाच्या तळ्याकाठी राहत असताना हेरलं होतं.

सकाळ. पुन्हा पाऊस, पुन्हा होडी. पिंजरा तुमच्या मांडीवर. तो पुन्हा दगड झालाय.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे आणि समोर वल्ही मारणाऱ्या माणसाला नाही, किंवा आहे ती फक्त धास्ती म्हणून. सशांचा बंदोबस्त म्हणून देशात आणलेला स्टोट नावाचा प्राणी जंगलभर पसरत चाललाय. मुंगसाची बारीक चण, पोटाला पांढरा. तो नाकानं शिकार करतो. त्याच्यासमोर न हलता बसून राहणं म्हणजे ताटात बसून राहणं. रेझोल्यूशन निवडलं ते भोवती पाणी आहे म्हणून. १९०० साली होडीतून आलेल्या पर्यटकांना त्याच बेटावर तो दिसेल, एका वेका पक्ष्याच्या मागे धावताना. पोहून आलेला. नेलेल्या काकापोंपैकी काही वर्षांत एकही उरणार नाही, हेन्री तरीही १९०८ पर्यंत इथे राहील. सांगावंसं वाटतंय का त्याला? मलाही दर वेळी वाटतं. प्रत्येक वेळी मी पिंजरा घट्ट धरून गप्प बसतो. आपल्या काळात काकापो आहेत, साधारण अडीचशेच्या घरात, बहुतेक स्टोट नसलेल्या बेटांवर. प्रत्येकाला नाव आहे. १९७५ साली याच भागातल्या, फियर्डलंडच्या डोंगरात एक नर सापडला, तिथल्या शेवटच्या काहींपैकी. त्याचं नाव रिचर्ड हेन्री ठेवलं. तो २०१० साली गेला, मागे पोरं ठेवून.

बेट आलं. उतरा, ओंडक्यावर पाय नको. पिंजऱ्याचं दार उघडा आणि मागे सरका. बराच वेळ काहीच होत नाही. मग एक पाय बाहेर. मिशा पाचोळ्याला टेकवून चाचपणी. दुसरा पाय. काका धोतर सावरत निघावेत तसा थोडा पुढे झुकून, दुडक्या चालीनं तो नेच्यांत शिरतो. दोन पानं हलतात. मग ती पानंही थांबतात, आणि तिथे पक्षी आहे की शेवाळ, हे पुन्हा सांगता येत नाही.

परतीला हेन्री वल्ही उचलतो. तुम्ही मधल्या सामुद्रधुनीची रुंदी वल्ह्यांच्या फटक्यांवर मोजायला घेता आणि अर्ध्यात सोडून देता. हात गुडघ्यांवर उताणे पडलेत, त्यांवर कालच्या चोचीची खूण आहे. कुत्रा टोकावरून उठून येतो. आता मुसकं नाही. तुमच्या तळहातात नाक खुपसतो, खोल श्वास घेतो, आणि पलीकडचा किनारा लागेपर्यंत ते नाक काही बाहेर काढत नाही.